खुर्ची कुठे ठेवायची

ग्रामसभेच्या नोटिशीत विषय क्रमांक सात:
स्थानिक कारभारासाठी स्वतंत्र आचारनीती आयोग
नेमावा, अशी शासनाकडे मागणी करणे.
ती नोटीस मी चार ठिकाणी चिकटवली,
भाताच्या पेजेने.
डिंकाची बाटली मार्चपासून खरेदी-रजिस्टरात आहे,
कपाटात नाही.

विषय मांडला देवांगना टेंभुर्णेने,
वार्ड तीन, पहिल्यांदाच निवडून आलेली.
म्हणाली, "मामा तलावाचा गाळ दोनदा निघाला कागदावर.
मी पदर खोचून उतरली. पानी माह्या कमरेवरी.
मंग गाळ कोठी गेला, गा?"

सरपंचबाई काही बोलल्या नाहीत.
शेजारच्या खुर्चीतून त्यांचे मालक बोलले:
"आयोग म्हंजे आनखी एक जीप, बापा.
तिले डिझेल कोन देईन?"
कोणीतरी हसलं, मग सगळे हसले.
मीही.
आधी हसणाऱ्यांत टिप्परवाले पाच होते,
ते मी पाहिलं, आणि हसत राहिलो.

भिवाजी नान्हे सहसा झोपतात सभेत.
त्यांनी डोळे न उघडता विचारलं,
"थो आयोग बसंन कोठी?"

पंचायतीच्या खोलीत?
किल्ली माझ्या करदोट्याला, आणि मी सचिवांच्या हाताखाली.
पंचायत समितीत?
तिथला पंखा ठेकेदाराने भेट दिलेला,
पात्यावर त्याचं नाव, फिरताना वाचता येत नाही इतकंच.
विश्रामगृहात तर कोंबडा कोणाच्या घरून येतो
हे कोंबड्यालाही ठाऊक.
समाजमंदिरात बसवा, असं कोणी म्हणालं.
कोणत्या समाजाच्या?
इथे भिवाजींनी डोळे उघडले.
बराच वेळ बांधावरच्या टिटवीचाच आवाज.

"कोठीही बसो," देवांगना म्हणाली,
"चहा त्याचा असला पाह्यजे. साखर बी.
आन ज्यानं ठेवलं थोच काढत असंल,
तर थो आयोग नोहे, सालगडी होय."

मग हात वर करायला सांगितले.
मोजणं माझं काम, बावीस वर्षांचं.
काही हात सरळ होते.
काही कानापर्यंत आले आणि तिथे खाजवू लागले.
ते धरायचे का, मी सचिवांना विचारलं.
सचिव म्हणाले, "रूपचंद, वेळ झाली."
विषय सात पुढच्या सभेत.
पुढची सभा, म्हणजे धान कापून झाल्यावर,
म्हणजे कोणी आलं तर.

रात्री खुर्च्या उचलल्या.
लाल, प्लास्टिकच्या, एका पायाने लंगड्या पाचसहा.
एक उरली ती उगीच बाहेर नेली,
तलावाच्या पाळीवर ठेवून पाहिली.
इथे कोणाचा पंखा नाही. मीटर नाही.
बसलो थोडा.
समोर माझाच गोठा दिसत होता,
त्याच्यावर चार टिना,
घरकुलातून उरलेल्या, असं मी घरी सांगितलेलं.
उरल्या नव्हत्या.
आयोग आला तर पहिला अर्ज कोणाच्या नावाने
हे लिहायला देवांगनाही नको.

वाऱ्याने एक टीन वाजली.
बकरी उठली, पुन्हा बसली.

खुर्ची आत आणली, ओळीत लावली, मोजलं.
बेचाळीस.
रजिस्टरात साठ.
बिलही साठचं, जोडलेलं, टाचणीला गंज.
शेरा लिहायचा रकाना बावीस वर्षं कोरा आहे,
शिपायाने लिहू नये असं कुठे लिहिलेलं नाही,
मी कधी पाहिलंच नव्हतं.

बेचाळीस, असं लिहिलं.
खाली सही केली. पूर्ण नावाने,
रूपचंद सोमा वलथरे.
ऑफिसचं पेन चालत नव्हतं.
हे माझं होतं,
आमगावच्या बाजारातलं, पाच रुपयांचं.